ट्रकच्या पोटाखालची मोकळी जागा : सायकलवाल्याचा जीव वाचवणारा साईड गार्ड असतो कसा, आणि हवा कुठे?

छत्रपती संभाजीनगर : दिवाळी सरली की पैठण, गंगापूर, कन्नडच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या सुरू होतात. त्याच रस्त्यांवरून सकाळी शाळेच्या सायकली निघतात. दप्तर कॅरिअरला अडकवलेलं, दोघी-तिघी मैत्रिणी एकामागे एक. तिकडे वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिफ्ट गाठायला निघालेला कामगारही सायकलवर नाहीतर जुन्या मोटारसायकलवर. या सगळ्यांच्या उजव्या हाताने हायवा, कंटेनर, आयशर आणि सळईचे ट्रेलर जातात. रस्ता एकच, आणि साईडपट्टी बऱ्याच ठिकाणी खचलेली.

अशा रस्त्यावर अपघात झाला की बातमी ठरलेल्या शब्दांत येते : 'ट्रकच्या मागील चाकाखाली सापडून सायकलस्वार ठार'. त्यातला 'मागील' हा शब्द नीट वाचायला हवा. मागच्या चाकाखाली माणूस सापडला, म्हणजे ट्रकचं तोंड त्याच्या पुढे निघून गेलेलं होतं. समोरून टक्कर झालेलीच नाही. पुढचं चाक गेलं, मागचं चाक यायचं होतं, आणि मधल्या मोकळ्या जागेत माणूस आत गेला.

ही मोकळी जागा बंद करता येते. त्यासाठी लागणाऱ्या साधनाला साईड गार्ड म्हणतात. त्याला परदेशी यंत्र लागत नाही की कॉम्प्युटर लागत नाही. देशाच्या नियमांत ते कित्येक वर्षांपासून आहे. तरी ते अनेक गाड्यांना दिसत नाही, दिसलं तर वाकलेलं असतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीला तर ते नसतंच. हे साधन काय काम करतं, त्याच्या जोडीला आणखी काय लागतं आणि ते बसवून घेणं कुणाच्या हातात आहे, याची ही माहिती.

अपघात होतो कसा?

दोन प्रकार जास्त घडतात.

पहिला, सरळ रस्त्यावरचा. ट्रक सायकलला ओव्हरटेक करतो. समोरून वाहन आलं की ड्रायव्हर गाडी डावीकडे दाबतो. सायकलवाल्याला खाली उतरायचं तर साईडपट्टी नाही, नाहीतर डांबराची कड वीतभर उंच. हँडल डगमगतं. ट्रकच्या हौद्याचा धक्का खांद्याला किंवा हँडलला बसतो आणि माणूस उजवीकडे, म्हणजे ट्रकच्या अंगावर पडतो. तिथे भिंत असती तर तो आपटून बाहेर फेकला गेला असता. हात-पाय मोडला असता, पण जीव राहिला असता. तिथे भिंत नसते. हौद्याखाली माणूस वाकून आत जाईल एवढी मोकळी जागा असते. तो आत पडतो आणि मागची चाकं त्याच्यावरून जातात.

दुसरा प्रकार वळणावरचा. हा शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. ट्रॅक्टर शेतातून वळवताना ट्रॅक्टर नीट निघतो, पण ट्रॉलीचं चाक बांधाच्या कोपऱ्यावर चढतं. कारण मागचं चाक पुढच्या चाकाच्या माग्यावरून जात नाही, ते आतल्या बाजूने कापत जातं. गाडी जितकी लांब, तितकं ते जास्त आत येतं. फाट्यावर किंवा एमआयडीसीच्या चौकात ट्रक डावीकडे वळतो तेव्हा हेच होतं. ड्रायव्हर आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. सायकलवाल्याला वाटतं की गाडी उजवीकडे चालली, आपल्याला वाट मिळाली. तो डावीकडून पुढे सरकतो आणि ट्रक त्याच्याच अंगावर वळतो. बांधाच्या कोपऱ्याच्या जागी तिथे सायकल असते.

क्लीनर साईडला काय दिसतं?

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ट्रकवाल्यांच्या भाषेत डावी बाजू म्हणजे क्लीनर साईड. हे नाव उगाच पडलेलं नाही. ती बाजू बघणं हे क्लीनरचं काम होतं. खिडकीतून डोकं काढून 'जाऊ द्या, जाऊ द्या' म्हणणारा, दारावर थाप मारून गाडी थांबवणारा पोरगा हा ड्रायव्हरचा डावा डोळा होता.

आता खर्च वाचवायला पुष्कळ गाड्या क्लीनरविनाच धावतात. तो डोळा गेला आणि त्याच्या जागी राहिला फक्त एक आरसा. उंच केबिनमधून डाव्या दाराच्या अगदी खाली, पुढच्या बंपरच्या जवळ आणि हौद्याच्या लगत जो भाग येतो तो ड्रायव्हरला नुसत्या नजरेने दिसत नाही. सायकल त्यात अख्खी मावते. याला ब्लाइंड स्पॉट म्हणतात. म्हणजे प्रत्येक वेळी ड्रायव्हर बेपर्वाच असतो असं नाही. कित्येकदा त्याला खरोखरच काही दिसलेलं नसतं. गाडी कशाला तरी लागली एवढंच त्याला कळतं, तेही चाक उचलल्यावर.

त्यात आता आणखी एक गोष्ट आली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला. चाळीस अंशांच्या उन्हात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरसाठी हे चांगलंच झालं. पण काचा बंद झाल्या की सायकलची घंटी आणि माणसाची हाकही बाहेरच राहते. अशा वेळी आरसे आणि बाकी साधनं धड असणं जास्त गरजेचं होतं.

साईड गार्ड म्हणजे नेमकं काय?

ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा दोन्ही बाजूंनी झाकणारी लोखंडी चौकट म्हणजे साईड गार्ड. आडव्या पट्ट्या किंवा पाइप चेसिसला धरून बसवतात. काही गाड्यांना सलग पत्रा असतो.

त्याचं काम ट्रक थांबवायचं नाही की धक्का झेलायचं नाही. अंगावर आलेल्या माणसाला चाकाकडे जाऊ न देता बाहेरच्या बाजूला लोटायचं, एवढंच त्याचं काम. विहिरीला कठडा असतो तसंच. कठड्यामुळे ठेच लागायची थांबत नाही, पण तोल गेलेला माणूस आत पडत नाही.

भारतीय मानक संस्थेचं यासाठीचं मानक आहे आयएस १४६८२. गार्ड कसा असावा हे साधारण असं सांगता येईल :

- खालची कड जमिनीपासून ५५ सेंटीमीटरपेक्षा जास्त उंच नको. त्याहून उंच असेल तर पडलेला माणूस खालून आत जातो.
- आडव्या पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको.
- गार्डची पुढची आणि मागची टोकं चाकांच्या जवळ पोचली पाहिजेत. मध्ये दोन हातांची पट्टी ठोकून दोन्हीकडे फट सोडली तर उपयोग नाही.
- बाहेरची बाजू सपाट हवी. बोल्टचं टोक, पत्र्याची धार किंवा पाइपचं उघडं तोंड बाहेर आलेलं नको. नाहीतर वाचवणारी वस्तूच कपडा नाहीतर हँडल अडकवून माणसाला ओढून नेते.
- साधारण शंभर किलो वजनाइतक्या दाबाने तो आत दबता कामा नये. तारेने बांधलेली पट्टी म्हणजे गार्ड होत नाही.

डिझेलची टाकी, बॅटरीचा डबा, स्टेपनी हे भाग त्याच रांगेत, बाहेरच्या कडेला नीट बसवलेले असतील तर तेही गार्डचं काम करतात. मधल्या फटी तेवढ्या बंद कराव्या लागतात.

याचा उपयोग होतो का?

युरोपात हे फार आधी सुरू झालं. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात ट्रकना साईड गार्ड सक्तीचे झाले. त्यानंतर ट्रकच्या बाजूला धडकून होणाऱ्या अपघातांमध्ये सायकलस्वारांचे मृत्यू ६१ टक्क्यांनी कमी झाले, असा आकडा अमेरिकेच्या परिवहन खात्याचं व्होल्प केंद्र देतं. ब्रिटनचं उदाहरण आपल्याला लागू पडतं, कारण तिथेही वाहतूक आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि सायकलवाला डावीकडेच, क्लीनर साईडला असतो.

तरीही लंडन शहरात काही प्रकारच्या गाड्यांना सूट होती, विशेषतः बांधकामावरच्या गाड्यांना. सायकलवाले मरत राहिले तेव्हा शहराने ती सूटच काढली. १ सप्टेंबर २०१५ पासून साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहनाला लंडनमध्ये साईड गार्ड आणि जवळचं दाखवणारे जादा आरसे सक्तीचे झाले. पुढे १ मार्च २०२१ पासून १२ टनांवरच्या गाड्यांना परवाना लागू लागला. केबिनच्या काचेतून ड्रायव्हरला किती दिसतं यावर गाडीला शून्य ते पाच तारे मिळतात. २८ ऑक्टोबर २०२४ पासून तीन ताऱ्यांची अट आली. त्याखालच्या गाड्यांना कॅमेरे, सेन्सर आणि वळताना आवाज देणारी यंत्रणा बसवल्याशिवाय शहरात येता येत नाही.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराने वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये त्यांनी शहराच्या कामावर असलेल्या मोठ्या ट्रकना, ठेकेदारांच्या गाड्यांसह, साईड गार्डची अट घातली. गार्ड नाही तर काम नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, तिचा आपल्याशी संबंध पुढे येतो.

आपल्याकडे नियम आहे, मग अडलं कुठे?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मध्यम आणि जड मालवाहनांना बाजूचा गार्ड आणि मागचा गार्ड लागतो. मागच्या गार्डचं मानक आहे आयएस १४८१२. त्यामुळे नव्या ट्रकबरोबर गार्ड येतो. फिटनेसच्या वेळी गाडी आरटीओपुढे उभी राहते. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. कागदावर तर सगळं ठीक आहे.

रस्त्यावर मात्र गोष्ट बदलते. खदानीत, वाळूच्या घाटावर किंवा शेतात गाडी खालीवर होते, तेव्हा गार्ड सगळ्यात आधी मातीला टेकतो आणि वाकतो. वाकला की पुढे टायर बदलताना, पाटा काढताना तो आड येतो. मग गॅरेजवाला तो कापून बाजूला ठेवतो आणि गाडी निघून जाते. गार्ड नसल्याने गाडी बंद पडत नाही, डिझेल जास्त लागत नाही, भाडं कमी मिळत नाही. ब्रेक बिघडला तर ड्रायव्हरलाच भीती वाटते. गार्ड गेला तर धोका दुसऱ्याला असतो, म्हणून तो पुन्हा बसवायची घाई कुणाला नसते. फिटनेसच्या दिवसापुरता गार्ड लावायचा आणि नंतर काढायचा, असं केलं तर दोन फिटनेसच्या मध्ये त्याकडे बघणारं कुणी नाही.

जुन्या गाडीला गार्ड बसवायचा तर ट्रकची बॉडी बांधणाऱ्या चांगल्या कारागिराकडून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मापात बसवून घ्यावा. चेसिसला कुठेही भोक पाडणं किंवा वेल्डिंग मारणं गाडीला घातक ठरतं. गार्ड ब्रॅकेट आणि बोल्टवर बसवला तर काम पडलं की काढता येतो आणि पुन्हा लावताही येतो.

मागचा गार्ड आणि रिफ्लेक्टर : रात्रीचा जीव यावर

बाजूचा गार्ड दिवसा आणि गर्दीत कामी येतो. रात्रीची गोष्ट वेगळी. बिघडलेला ट्रक नाहीतर हुकातून सुटलेली ट्रॉली रस्त्यावर अंधारात उभी असते आणि मागून येणारा दुचाकीवाला थेट त्यात घुसतो. ट्रकचा हौदा दुचाकीवाल्याच्या छाती-डोक्याच्या उंचीला येतो, म्हणून मागचा गार्ड लागतो. त्याचीही खालची कड जमिनीपासून ५५ सेंटीमीटरच्या आत हवी. पण धडक बसूच नये म्हणून आधी लागतो तो रिफ्लेक्टर.

नियम १०४ मध्ये मालवाहनांवरच्या रिफ्लेक्टर आणि चमकत्या पट्ट्यांची तरतूद आहे. रंग ठरलेले आहेत : पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. हे रंग शोभेसाठी नाहीत. अंधारात नुसत्या रंगावरून समोरच्याला कळतं की गाडीचं तोंड आहे, बाजू आहे की शेपूट. म्हणून मागच्या फाळक्यावर पांढरी पट्टी किंवा बाजूला रंगीबेरंगी स्टिकर लावणं म्हणजे फसवणूक झाली. मान्यतेची पट्टी दुरून उजळते आणि तिच्यावर छाप असतो. बाजारातली स्वस्त चमकी पट्टी दिवसा तशीच दिसते. रात्री टॉर्च मारून बघितली की फरक लगेच कळतो.

उसाच्या गाडीला यात एक जादा अडचण असते. पट्टी फाळक्यावर असते आणि भरलेला ऊस, त्याचं वाढं फाळक्यावरून खाली लोंबतं. पट्टी आणि मागचा दिवा दोन्ही झाकले जातात. त्यावर धूळ आणि चिखल बसतो. मोहिमेत लावलेला रिफ्लेक्टर महिन्याभरात आंधळा होतो. म्हणून पट्टी ऊस लोंबणार नाही अशा जागी, चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवरही हवी, आणि गव्हाणीवर गाडी रिकामी झाली की फडक्याने पुसायला हवी. पुसायला एक मिनिट पुरतं.

जालन्याच्या सळईच्या गाड्याही आपल्या रस्त्यांवर असतात. हौद्याच्या बाहेर आलेली सळई किंवा पाइप नेण्यावर २०१४ पासून बंदी आहे. टोकाला लाल फडकं बांधलं की चालतं, हा समज जुना झाला.

आरसे, कॅमेरा, सेन्सर

डाव्या बाजूसाठी एक आरसा पुरत नाही. मुख्य आरसा मागचं लांबचं दाखवतो. डाव्या दाराच्या वर लावलेला, खाली बघणारा फुगीर आरसा दाराखालचं दाखवतो. पुढच्या काचेच्या वर लावलेला आरसा बंपरसमोरचं दाखवतो. या दोन छोट्या आरशांनी क्लीनरचं अर्धं काम होतं. मात्र ते ड्रायव्हरने आपल्या बसण्याच्या उंचीप्रमाणे वळवून घ्यायला हवेत. आरशाला लटकवलेल्या माळा, झुंबरं आणि काचेवर चिकटवलेले मोठे स्टिकर यांनी जेवढी जागा झाकली जाते, तेवढ्यात एक सायकल लपते.

पुढची पायरी सेन्सरची. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढला. मोठ्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, ड्रायव्हरला झोप लागल्यास इशारा, ब्लाइंड स्पॉटमधल्या सायकलस्वाराची सूचना आणि गाडी हलवताना समोर कुणी असेल तर त्याची सूचना, असं त्यात सुचवलं आहे. पण हा विचार नव्या गाड्यांसाठी आहे. आपल्या रस्त्यांवर आज धावणाऱ्या दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या अजून काही वर्षं धावणारच. त्यांच्यासाठी गार्ड, आरसा आणि पट्टी हेच खरं.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचं काय?

ग्रामीण तालुक्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. उसाची वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. शेतीची ट्रॉली नियमांत वेगळ्या प्रकारात येते, ट्रकच्या गार्डची मानकं तिला तशीच्या तशी लागत नाहीत. त्यामुळे ट्रॉलीला बाजूचा गार्ड बसवून मिळत नाही आणि कुणी मागतही नाही.

धोका मात्र ट्रकपेक्षा कमी नाही. ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीच्या मध्ये दांडी, पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मध्ये दांडी. या दोन्ही जागा उघड्या. वळणावर दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आत येते. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, उतारावर ट्रॉली ढकलते आणि मागची ट्रॉली रस्त्यावर नागमोडी डुलते. ड्रायव्हरला उसाच्या भाऱ्यामागचं काही दिसत नाही. टेपचा आवाज मोठा असेल तर ऐकूही येत नाही.

हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ती चांगलीच आहे. पण ट्रॉलीच्या दोन चाकांच्या पुढची-मागची पोकळी आडव्या पाइपने बंद करणं, मागे वायरिंगसह दिवे आणि इंडिकेटर लावणं, हुकाला पिन आणि जादा साखळी लावणं हे तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होणारं काम आहे. ट्रॉल्या तिथेच बनतात. नवी ट्रॉली सांगतानाच मालकाने हे सांगितलं तर निराळा खर्च फार पडत नाही, कारण लोखंड आणि वेल्डिंग तेच असतं.

कुणी काय करायचं?

इथे बोस्टनची गोष्ट आठवावी. सगळ्या गाड्यांवर आरटीओने लक्ष ठेवायचं म्हटलं तर माणसं पुरणार नाहीत. पण गाडी कुणाच्या तरी कामावर असते. ज्याचं काम, त्याची अट.

साखर कारखाना हंगामाआधी वाहतूकदाराशी करार करतो. शेतकी विभागाकडे प्रत्येक गाडीची नोंद असते आणि प्रत्येक गाडी वजनकाट्यावर उभी राहते. करारात गार्ड, दिवे आणि पट्टी यांची ओळ घातली आणि काट्यावरच्या माणसाने तेवढं बघितलं, तर रोज तपासणी होईल. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवर गाडीची नोंद होते, तिथेही हेच करता येतं. रस्त्याच्या, तलावाच्या, पाणीपुरवठ्याच्या सरकारी कामांवर मुरूम-खडीचे हायवा लागतात. त्या निविदांमध्ये ही अट टाकणं सरकारच्याच हातात आहे.

ट्रकमालक किंवा ट्रॉलीमालकाने हंगामाआधी एवढं तपासावं :

- दोन्ही बाजूंचे गार्ड आहेत का, वाकले आहेत का, खालची कड गुडघ्याच्या आसपास येते का.
- मागचा गार्ड घट्ट आहे का.
- पट्ट्या योग्य रंगाच्या आणि स्वच्छ आहेत का. रात्री पन्नास पावलांवरून टॉर्च मारून बघावं.
- मागचे दिवे, इंडिकेटर दोन्ही ट्रॉल्यांचे चालतात का.
- डाव्या बाजूचे आरसे धड आहेत का. ड्रायव्हरला सीटवर बसवावं आणि आपण सायकल घेऊन डाव्या दाराजवळ उभं राहावं. आपण आरशात दिसलो का, ते त्याला विचारावं.
- गाडी बंद पडली तर मागे ठेवायला चमकता त्रिकोण गाडीत आहे का. रस्त्यावर दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवून निघून जाऊ नये, त्या दगडांवरही दुचाकी पडते.

गावाच्या बाजूनेही करता येण्यासारखं आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. शाळेच्या वेळेत अमुक फाट्यावर जड वाहनं थांबवा, साईडपट्टी भरा, गतिरोधक करा, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावासह तिथे पाठवता येते. शाळा व्यवस्थापन समितीने मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र दिलं तर त्याला जास्त वजन येतं.

गार्ड काय करू शकत नाही

गार्ड हा शेवटचा कठडा आहे, एवढं लक्षात ठेवावं. वेगात मागून ठोकलेल्या सायकलला बाजूचा गार्ड वाचवत नाही. दारू पिऊन चालवणाऱ्यावर त्याचा इलाज नाही. आणि आपल्या पोरांच्या दोन सवयींवरही नाही. एक म्हणजे चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढणं. दुसरी म्हणजे सायकलवर बसून ट्रॉलीची साखळी धरून फुकटात पुढे जाणं. दोन्हींत पाय घसरला की माणूस थेट चाकाशी असतो. हे घरी आणि शाळेत सांगावंच लागेल.

सायकलवाल्यांनाही काही गोष्टी सांगायला हव्यात. थांबलेल्या किंवा हळू झालेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे जाऊ नये, त्याच्या मागे थांबावं. आरशात आपल्याला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही, असं धरून चालावं. ट्रक आधी उजवीकडे गेला तरी इंडिकेटर डावीकडचा आहे का ते बघावं. मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि पायडलवर पिवळे असावेत. तुटले असतील तर सायकलच्या दुकानात मिळतात.

पण सगळा भार सायकलवाल्यावर टाकणं बरोबर नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या २३ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे, रक्कम २०२२ मध्ये पाच हजार रुपये झाली. या कार्यक्रमाचं आयुक्तालय याच शहरात आहे. शाळा लांब म्हणून मुलीचं शिक्षण सुटू नये, यासाठी सरकारने तिला सायकलवर बसवलं. ती ज्या रस्त्याने जाते तो रस्ता, आणि त्या रस्त्यावर तिच्या शेजारून जाणारी गाडी, याकडे मात्र वेगळ्या खात्याने बघायचं असतं. मुलगी सुरक्षित पोचली नाही तर पुढच्या वर्षी गावातले चार पालक आपल्या मुलींची सायकल घरातच ठेवतात. अपघात एका घरात होतो, शाळा चौघींची सुटते.

गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्या गॅरेजला येतात. टायर, बेअरिंग, फाळके, हूक सगळं बघितलं जातं, कारण हंगामात गाडी उभी राहिली तर पैसे बुडतात. त्याच वेळी दोन आडवे पाइप आणि चार हात लाल पट्टी लावून घ्यावी. मागच्या रस्त्याने सायकलवर येणारी मुलगी बहुतेक वेळा आपल्याच गावची असते.